ह्यात नाव उमटतंय व्हय?

मतदानाची खोली ताब्यात आली की मी आधी खिडक्या बघायची. पंखा चालतो का, दिवे लागतात का, संडासात पाणी आहे का, हे सगळं नंतर. ही सवय मला राजाजीनगरच्या एका शाळेत लागली. केंद्राध्यक्ष म्हणून मी तिथे पहिल्यांदाच गेले होते आणि मतदान यंत्राचा पुठ्ठ्याचा आडोसा मोठ्या हौसेने खिडकीपाशी मांडला होता, लोकांना उजेड मिळावा म्हणून. तासाभराने लक्षात आलं की खिडकीबाहेर एक गृहस्थ केव्हाचे उभे आहेत, आणि नवा मतदार आडोशामागे गेला की त्यांना नेमकी मान वळवून आत बघायची हुक्की येते. मी आडोसा भिंतीकडे सरकवला आणि खिडकीवर भूगोलाचा नकाशा टांगला. गृहस्थ थोडा वेळ नकाशाची मागची बाजू बघत राहिले आणि मग निघून गेले.

मी गणिताची शिक्षिका. मूळची निपाणीकडची. घरात मराठी, शाळेत कानडी, आणि लग्न होऊन बेंगळुरूला आल्यावर तर भाजीवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळीकडे कानडीच. सरकारी हायस्कूलची नोकरी म्हणजे निवडणुकीचं काम पाचवीला पुजलेलं. नेमणुकीचा हुकूम आला की आमच्या शाळेतल्या निम्म्या लोकांची कंबर त्याच आठवड्यात धरायची. एकदा माझीही धरली होती. पुढे मला ते काम आवडायला लागलं, पण स्टाफरूममध्ये मी ते कधी कबूल केलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, केंद्राध्यक्ष म्हणजे दिवसभर सह्या करणारा माणूस. सह्या खूप असतात हे खरं. पण खोलीतली रीत अशी असते: पहिल्या टेबलावर यादीतलं नाव मोठ्याने वाचतात आणि ओळखपत्र बघतात. दुसऱ्यावर बोटाला शाई लागते, रजिस्टरमध्ये सही नाहीतर अंगठा होतो. तिसऱ्यावरचा अधिकारी एक बटण दाबून आडोशामागचं यंत्र एका मतापुरतं मोकळं करतो. मतदार आत जातो, आपलं बटण दाबतो, शेजारच्या काचेत चिठ्ठी थोडा वेळ दिसते आणि खाली पडते, आणि ‘पीं’ असा लांब आवाज येतो. बाजूच्या बाकावर उमेदवारांचे एजंट बसलेले असतात. भलत्याच्या नावावर भलत्यानेच मत देऊ नये म्हणून नावं ऐकण्याचा त्यांना हक्क असतो.

केंद्राध्यक्षाने बघायचं ते एवढंच, की आडोशामागे मतदार जेवढा वेळ उभा आहे तेवढा वेळ तिथे दुसरं कोणी नसावं. वाचताना सोपं वाटतं. एकदा एक चांगला सुटाबुटातला मुलगा आपल्या आईला दंडाला धरून घेऊन आला. ‘आईला दिसत नाही, मी आत जाऊन बटण दाबतो,’ म्हणाला. अंध मतदाराला सोबती घेता येतो, पण खरंच दिसत नाही याची केंद्राध्यक्षाची खात्री पटावी लागते. मी म्हातारीला विचारलं, ‘अम्मा, माझ्या साडीचा रंग सांगाल?’ म्हातारी ताबडतोब म्हणाली, ‘पोपटी. आणि काठ उसवलाय, घरी गेल्यावर शिवून घे.’ मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. म्हातारी आत गेली आणि बराच वेळ घेऊन, मला वाटतं मजेत, मत देऊन आली.

असे प्रसंग मी शाळेत रंगवून सांगायची. जो प्रसंग कधी रंगवून सांगितला नाही, तो आता लिहिते आहे.

माझी शेवटची निवडणूक विधानसभेची होती. निवृत्तीला सात महिने राहिले होते. केंद्र मिळालं पीण्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, एका प्राथमिक शाळेत. आजूबाजूला लेथ मशीनची छोटी छोटी वर्कशॉप, कपडे शिवायचे दोन कारखाने, आणि त्यांच्यामध्ये एकाला एक लागून बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. बेंगळुरूत घरमालकाला मालक म्हणत नाहीत, ‘ओनर’ म्हणतात. त्या गल्लीतल्या बहुतेक खोल्यांचा ओनर एकच होता. त्याचं नाव मी यादीत वाचलं होतं, पण दिवसभर कोणी ते उच्चारलं नाही. ‘ओनर’ म्हटलं की पुरत होतं.

मतदान सातला सुरू झालं. खिडक्या मी आदल्या दिवशीच बघून ठेवल्या होत्या, आडोसा चांगल्या जागी होता, आणि दाराकडे तोंड केलेला कॅमेराही निवडणूक कार्यालयाचे लोक लावून गेले होते. सगळं जागच्या जागी आहे म्हणून मी निर्धास्त होते.

पहिल्या टेबलावर नागराज म्हणून महसूल कार्यालयातले कारकून होते. ते नाव वाचत, आणि बाकावर बसलेला एक एजंट, मंजुनाथ, अगदी गोड आवाजात त्याला पुस्ती जोडत असे. नागराज म्हणत, ‘लक्ष्मम्मा,’ की मंजुनाथ म्हणे, ‘रूम नंबर चार. या अक्का.’ पुढच्या बाईचं नाव आलं की, ‘रूम नंबर अकरा. बऱ्या आहात ना?’ पातळ काड्यांचा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं आदबीचं. मला वाटलं, शेजारधर्म आहे, करू दे. मी सह्यांत गुंतले होते.

साडेआठच्या सुमाराला तिशीतली एक बाई आली. नाव शालन. बोटांच्या टोकांना सुईची भोकं पडलेली, म्हणजे शिलाई कारखान्यातली. मंजुनाथ म्हणाला, ‘रूम नंबर सात.’ शाई लागली, सही झाली. आडोशाकडे जाता जाता ती माझ्या टेबलाशी थबकली आणि हळूच म्हणाली, ‘बाई, ह्यात नाव उमटतंय व्हय?’

माझ्या माहेरची बोली. मी मान वर केली. तिने मला कशावरून ओळखलं असेल, गळ्यातल्या मंगळसूत्रावरून की साडीच्या निऱ्यांवरून, कोण जाणे. मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. दोन वाक्यांत सांगायचं, की नाही हो, यंत्राला तुमचं नाव माहीत नसतं, कुणालाही कळत नाही. पण बाकावर तीन एजंट बसले होते, तिघांनाही मराठी येत नव्हतं, आणि केंद्राध्यक्ष मतदाराशी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी कुजबुजते आहे, असं त्यांना वाटलं असतं. त्याच विचाराने माझी जीभ वळली. मी कानडीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘मुंदे होगी अम्मा, बटन ओत्ति.’ पुढे चला, बटण दाबा.

ती पुढे गेली. आडोशामागे उभी राहिली. ‘पीं’ वाजलं नाही. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. रांग चुळबुळायला लागली. मग ती बाहेर आली आणि खाली बघत म्हणाली, ‘नको मला.’

यासाठीही नियम आहे. सही केल्यावर मत द्यायचं नसेल, तर रजिस्टरमध्ये तसा शेरा मारायचा आणि मतदाराची सही घ्यायची. मी शेरा मारला. माझं अक्षर चांगलं आहे. तिने सही केली आणि ती गेली. तिच्यासाठी मोकळं केलेलं यंत्र तसंच होतं. त्यावर रांगेतल्या पुढच्या माणसाने आपलं मत दिलं, म्हणजे हिशेब बरोबर राहिला. मला त्या वेळी तेवढंच सुचलं, की हिशेब बरोबर राहिला.

त्यानंतर तीन-चार मतदारांनी एक म्हातारी आली, रूम नंबर नऊ. आत गेली, ‘पीं’ वाजलं. बाहेर येऊन ती थेट बाकापाशी गेली आणि भर खोलीत मंजुनाथला म्हणाली, ‘मंजण्णा, सरी ओत्तिदेना?’

म्हणजे, मी बरोबर दाबलं ना?

मंजुनाथ छताकडे बघायला लागला. मी उठून म्हातारीजवळ गेले. ‘अज्जी, त्यांना कशाला विचारता? त्यांना काय माहीत?’

म्हातारीला माझंच आश्चर्य वाटलं. ‘ओनर म्हणाला ना! आत काय दाबलं ते कॅमेऱ्यात दिसतं, मंजण्णा बघून सांगतो. चुकीचं दाबलं तर रूम खाली करायची. माझं चुकलं नसेल ना?’

दीड तास ‘रूम नंबर चार’, ‘रूम नंबर अकरा’ माझ्या कानावर पडत होतं. तो शेजारधर्म नव्हता. मतदान करायला आलेल्या प्रत्येक बाईला आत जाता जाता सांगितलं जात होतं की तू कुठे राहतेस ते आम्हाला माहीत आहे. तेही माझ्यासमोर, माझ्या टेबलापासून चार हातांवर.

मी मंजुनाथला म्हटलं, ‘यापुढे एक शब्द बोलायचा नाही. कोणाच्या नावाला हरकत असेल तर माझ्याकडे या.’

‘मेडम, मी काय केलं? शेजाऱ्यांना या म्हणायचं नाही?’ त्याने दुसऱ्या एजंटांकडे पाहिलं. ‘यांना विचारा.’ ते दोघे विरुद्ध पक्षांचे. खरं तर त्यांनी केव्हाच आरडाओरडा करायला हवा होता. पण एक जमिनीकडे बघत बसला आणि दुसरा पाणी प्यायला उठून गेला. नंतर कळलं, तो स्वतः ओनरच्या रूम नंबर दोनमध्ये राहत होता.

नागराज माझ्या कानाशी लागले. ‘स्वल्प अॅडजस्ट माडी मेडम. संध्याकाळी सहाला आपण घरी. हे लोक इथेच राहणार.’

थोडं सांभाळून घ्या. या शहराचं निम्मं आयुष्य या वाक्यावर चालतं, आणि बसमध्ये तिसरा माणूस बाकावर बसवताना ते गोडही वाटतं. नागराज वाईट नव्हते. पण ‘हे लोक इथेच राहणार’ हे जे ते बोलून गेले, त्यानेच मला बळ आलं.

मी केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहिलं: अमुक वाजता अमुक एजंट मतदारांचे खोली क्रमांक मोठ्याने उच्चारत असल्याचं आढळलं, ताकीद दिली, पुन्हा घडल्यास पोलिसांकरवी बाहेर काढण्यात येईल. तिन्ही एजंटांना वाचून दाखवलं आणि सह्या मागितल्या. सही करताना मंजुनाथची पहिल्यांदाच गडबड उडाली, पेन दोनदा अडकलं. यानंतर तो बोलला नाही. खोली मी नागराजांवर सोपवली, मतदारांना समजवायला मिळालेला यंत्राचा पुठ्ठ्याचा नमुना काखेत मारला आणि बाहेर गेले.

मतदान केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ आखलेली असते. तिच्या आत कोणी प्रचार करायचा नाही, गर्दी जमवायची नाही. ओनर रेघेच्या बराच आत, फाटकासमोर, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. साठीचा, अंगाने भरलेला, कपाळाला गंध, बोटाला ताजी शाई. कोणाशी बोलत नव्हता, कोणाला काही सांगत नव्हता. फक्त मांडीवर किल्ल्यांचा मोठा जुडगा होता आणि एकेक किल्ली तो बोटाने पुढे सरकवत होता. प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली त्याच्याजवळ असते, हे रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

आमचं बोलणं कानडीत झालं. मी म्हटलं, ‘तुमचं मतदान झालेलं दिसतं. आता घरी जा.’

‘घर हेच की,’ त्याने मागच्या तीन मजली इमारतीकडे अंगठा दाखवला. ‘दारात बसलोय.’

‘दार शंभर मीटरच्या आत आहे. घरात बसा.’

‘ही माझी माणसं आहेत मेडम. यांच्याकडे कोण बघणार?’

‘आज संध्याकाळपर्यंत मी बघते.’

तो हसला. मग अगदी आपुलकीने त्याने विचारलं, ‘रिटायर कधी?’

‘सात महिन्यांनी.’

‘चांगलं. शांतपणे व्हा.’

त्याने आवाजही चढवला नव्हता. तरी त्याला काय म्हणायचं ते मला कळलं. निवृत्तीच्या तोंडावर एखादी चौकशी लागली की माणूस वर्षानुवर्षं कसा खेटे घालतो, ते मी आमच्याच शाळेत पाहिलं होतं. बंदोबस्ताला गदगकडचे बसप्पा हवालदार होते, माझ्याच वयाचे. त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ओनरकडे न जाता ते रांगेकडे गेले. मला वाटलं, संपलं. पण रांगेत काठी टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांना धरून ते घेऊन आले आणि ओनरला नम्रपणे म्हणाले, ‘साहेब, जरा खुर्ची देता? म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते आहे.’

सगळी रांग बघत होती. ओनरला उठावं लागलं. आजोबा बसले. खुर्ची त्यांच्यासकट रांगेबरोबर पुढे पुढे सरकत गेली आणि शेवटी शाळेच्या आवारात आली. ओनर उन्हात उभा राहिला. बसलेल्या माणसाचा दरारा असतो. तोच माणूस उन्हात घाम पुसत उभा राहिला की नुसता घामाघूम माणूस दिसतो. दहा मिनिटांनी तो घरात गेला. बसप्पांना नंतर विचारलं, तर म्हणाले, ‘मी काय केलं? आजोबांना खरंच चक्कर येत होती.’

मग मी रांगेसमोर उभी राहिले आणि पुठ्ठ्याचा नमुना हातात धरून शाळेतल्यासारखी बोलले. आधी कानडीत, मग माझ्या मोडक्या हिंदीत, आणि शेवटी, एकदा ठरवूनच, खणखणीत मराठीत. ‘या यंत्राला तुमचं नाव माहीत नाही. चिठ्ठीवर तुमचं नाव नसतं. कॅमेरा दाराकडे बघतो, बटणाकडे नाही. कुणाला मत दिलं ते मला कळत नाही, एजंटला कळत नाही, तुमच्या ओनरलाही कळत नाही. तो कळतं म्हणाला, तर खोटं बोलतो.’ शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. मंजुनाथने त्यावर लेखी तक्रार दिली, मी ती घेतली आणि रीतसर पोच दिली.

रांगेच्या पलीकडे, नळाजवळ, शालन उभी होती. ती घरी गेलीच नव्हती. तिने सगळं ऐकलं आणि पदर खोचून गल्लीत निघून गेली. दुपारनंतर मतदानाला एकदम बायकांची गर्दी झाली. सकाळी न आलेल्या होत्या सगळ्या. दोघी दोघी, चौघी चौघी करून येत होत्या. नागराज नाव वाचत, बाकावर शांतता, आणि आडोशामागून ‘पीं’. मी मधेच एकीला विचारलं, ‘आता कशा आलात?’ ती म्हणाली, ‘सात नंबरची घरोघर जाऊन सांगते आहे.’

पावणेसहाला शालन पुन्हा दारात आली. केस विस्कटलेले, चेहरा उन्हाने रापलेला.

‘बाई, समद्यांस्नी धाडलं. आता मी दाबू?’

मी तिला बाजूला घेतलं. या वेळी मराठीत बोलले. एकदा नकाराचा शेरा मारून सही झाली की ते मत त्या निवडणुकीपुरतं संपलं, पुन्हा देता येत नाही.

तिने शाई लागलेलं बोट माझ्यापुढे धरलं. ‘पर मी तर काय बी दाबलंच न्हाई.’

‘हो. माहीत आहे मला.’

‘म्या तुमाला इचारलं हुतं.’

‘हो.’

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ‘बरं,’ म्हणाली आणि जरा वेळ दाराच्या चौकटीला टेकून आत बघत राहिली. रूम नंबर तीनची बाई मत देऊन बाहेर आली, तेव्हा तिच्याबरोबर निघून गेली. जाण्यापूर्वी मी तिला एवढंच सांगू शकले, की खोली बदलावी लागली तर यादीतला पत्ता बदलायचा अर्ज भरायला विसरू नका.

यंत्र बंद करून मोहोर लावताना नागराज म्हणाले, ‘आकडे जुळले मेडम.’ जुळणारच होते.

तक्रारीची चौकशी झाली. मला बोलावून एका अधिकाऱ्याने विचारलं, मतदारांशी कोणत्या भाषेत बोललात? मी म्हटलं, तीन. मराठीत काय सांगितलं? मी तेच कानडीत पुन्हा सांगितलं. त्यांनी डायरी वाचली, मंजुनाथची सही बघितली, आणि ‘यापुढे शब्द जपून वापरावेत’ असं एक पत्र मला दिलं. ते योग्यच होतं. निवृत्ती वेळेवर झाली. ज्या गोष्टीबद्दल मला कोणीतरी जाब विचारायला हवा होता, ती त्या तक्रारीत नव्हतीच.

वर्षभराने लोकसभेची निवडणूक झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा नुसती मतदार होते. त्यानंतरच्या महिन्यात चिकपेटेच्या बाजारात ब्लाउजच्या अस्तराचं कापड घ्यायला गेले असता दोऱ्या-बटणांच्या एका दुकानात मागून हाक आली, ‘बाई!’

शालन. हातात पिशवी, खांद्यावर कापडाचा गठ्ठा. तिने दुकानाच्या पायरीवर मला बसवलं आणि सगळं सांगितलं. निकाल मनासारखा न लागल्याने ओनरने तिच्या खोल्यांच्या रांगेचं पाणी बंद केलं. कोणी कोणाला मत दिलं हे त्याला कळलं नव्हतंच, म्हणून त्याने सरसकट सगळ्यांचंच बंद केलं. महिना-दीड महिना त्यांनी टँकरवर काढला. मग चार कुटुंबं मिळून दुसऱ्या गल्लीत गेली. तिथे ती आता कारखान्यातून आल्यावर घरीही शिवणकाम घेते.

‘अर्ज भरला पत्त्याचा. लोकसभेला लायनीत पैली मीच हुते.’

‘वाजलं का?’

‘वाजलं की!’ ती हसली. मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी वाकली. ‘कुनाला दिलं सांगू? नवऱ्याला बी सांगितलं न्हाई.’

‘मग मला कशाला सांगताय? मला बी नको.’

ती मागे झाली. माझ्याकडे रोखून बघितलं, चेष्टा करते आहे की काय म्हणून. मग हळूहळू तिने ओठ मिटले, पिशवी सावरली आणि दुकानदाराला म्हणाली, ‘अण्णा, निळी रिळं दाखवा जरा.’